वापरलेले गुडघे, मालकीण एकच

"लिहून घे," हे म्हणाले.

मी शेंगा सोलत होते. हात पुसले, पेन घेतलं.

"या शहरात गुप्तहेर पुष्कळ असतील. कोणी पावलांचे ठसे मोजतो, कोणी राख हुंगतो. मी गद्य पाहतो. माणूस तोंड लपवील, नाव बदलील, मिशी चिकटवील, पण त्याचं वाक्य त्याला लपू देत नाही. मला तीन ओळी द्या. लिहिणाऱ्याचं वय, वजन, व्यवसाय आणि त्याने सकाळी काय खाल्लं, एवढं मी जागच्या जागी सांगतो. एकतीस वर्षं दैनिकात मुद्रितशोधक होतो. लोक मला विसरले, पण शहरातलं एकही वाक्य मला विसरलेलं नाही. झालं लिहून?"

"'सकाळी काय खाल्लं' इथपर्यंत आलेय."

"मी काय खाल्लं ग सकाळी?"

"टोस्ट. जळलेला."

"ते लिहू नकोस."

तर हे आमचे हे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दैनिकात असताना दुसऱ्यांच्या चुका काढायचे आणि त्याचा पगार मिळायचा. आता तेच काम ते सेवाभावाने करतात. मागच्या वर्षी लिफ्टवर 'लिफ्ट बंद आहे. कृपया समजून घ्या' अशी चिठ्ठी लागली होती. यांनी ती भिंगातून पाहिली आणि लिहिणारी व्यक्ती प्रेमभंग झालेली, तिशीतली, उंच स्त्री आहे असं जाहीर केलं. ती व्यक्ती लिफ्ट दुरुस्त करणारा निघाली. तीन मुलांचा बाप. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "होईल सगळं ठीक" म्हटलं, त्यानंतर तो पंधरा दिवस आला नाही. आम्ही पाच मजले जिन्याने चढलो.

माझं पद सहायक. शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं हे घरी आणायचे त्या प्रूफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झालं. त्यावर वाणसामान लिहिता लिहिता मी पुढची बाजूही वाचायला लागले.

आता प्रकरणाकडे येते.

आमच्या घराण्याचा फोनवर एक समूह आहे. नाव 'आपली माणसं'. माणसं तेवीस. त्यावर लिहिण्याची पद्धत अशी की लिहायचं नाही. फुलं पाठवायची, बाळं पाठवायची, कोमट पाण्याचे फायदे पाठवायचे. माझे मोठे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, ते रोज सकाळी सहाच्या ठोक्याला एक उगवता सूर्य पाठवतात. सूर्याखाली एखादं वाक्य असतं, आयुष्याबद्दलचं. त्यावर बाविसांपैकी अठरा जण हात जोडतात. सूर्य उगवल्याबद्दल की भाऊजी उठल्याबद्दल, ते माहीत नाही.

या समूहात वन्सं आहेत. म्हणजे यांची आणि भाऊजींची थोरली बहीण. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. टेलिफोन केंद्रात पस्तीस वर्षं ऑपरेटर होत्या, त्यामुळे 'थांबा, जोडून देते' यापेक्षा लांब वाक्य त्यांच्या तोंडून फारसं कोणी ऐकलं नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. समूहावर त्यांचं आजवरचं एकूण लेखन म्हणजे एक अंगठा. वर केलेला.

आणि एका सोमवारी त्यांचा निरोप आला:

'शहराच्या पूर्व भागातील एका तिसऱ्या मजल्यावर सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास दूध उतू गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. शेगडीचे किरकोळ नुकसान झाले असून पंचनामा सुरू आहे. दूध नेमके कशामुळे उतू गेले, याचे कारण अद्याप समजू शकलेले नाही.'

सहा जणांनी हात जोडले. एकाने पुष्पगुच्छ पाठवला. भाऊजींच्या जावयाने 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं.

बुधवारी:

'गुडघे देणे आहे. वापरलेले, पण मालकीण एकच. जिना चढताना संगीत. समक्ष येऊन पाहावेत. दलाल नकोत.'

त्यानंतर एका हरवलेल्या चमच्यावर भलामोठा मजकूर आला. त्याची सुरुवात 'प्रश्न केवळ एका चमच्याचा नाही' अशी होती आणि शेवट 'प्रशासन मात्र झोपलेले आहे. प्रशासन म्हणजे मी' असा होता. मग त्यांनी स्वतःच्या खिडकीला पाचपैकी दोन तारे दिले: 'छत्तीस वर्षे वापरत आहे. पहिली वीस उत्तम. समोर इमारत झाल्यापासून आवाज येतो, उजेड येत नाही. तक्रार करायला कोणी सापडत नाही.' त्यानंतर आणखी एक: 'आत्ताची मोठी बातमी. जिन्यात पावले वाजत आहेत. पावले पहिल्या मजल्यावर. पावले दुसऱ्या मजल्यावर. पावले दुसऱ्या मजल्यावरच थांबली. पाहत राहा.'

इथवर घर गप्प होतं. पण जाऊबाईंनी आपल्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा फोटो टाकला, दोघं केकमागे उभी, आणि त्याखाली वन्संनी लिहिलं: 'विकतचं हसू. कोण विचारतंय यांना. झोपा आता.'

जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणजे आमच्यासमोर जेवल्या नाहीत.

आणि मग तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सातवा निरोप आला, ज्याने सगळंच हलवलं:

'हरवल्या आहेत. वय एकाहत्तर. उंची पूर्वी पाच फूट दोन इंच. अंगात निळा स्वेटर. स्वभाव ठीक. घरच्या कोणाशी तरी बोलताना शेवटच्या दिसल्या, त्याला अकरा दिवस झाले. आढळल्यास गडबड करू नये.'

गुरुवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. हे फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, सहायकाला नोंदी घेता याव्यात म्हणून.

"धाकट्या, ताईच्या डोक्यात काहीतरी झालंय," भाऊजी म्हणाले. "मी मागची खोली रिकामी केलीय. रविवारी दहा वाजता टेम्पो घेऊन जातो आणि तिला इकडे आणतो. कायमची."

"वन्संना विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारण्यासारखी ती असती तर टेम्पो कशाला सांगितला असता?"

मागून जाऊबाईंचा आवाज आला, "शिलाईचं मशीन पॅसेजमध्ये काढलंय मी. रोज अडखळतेय. पण मी कुठे काही म्हणतेय."

भाऊजी वाईट माणूस नाहीत. घाबरले की ते वाहन ठरवतात, एवढंच. पण ती मागची खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. तिच्या दाराला आतून कडी नाही. आणि वन्संनी छत्तीस वर्षं आपली कडी आपल्या हाताने लावली आहे.

फोन ठेवल्यावर हे उठून उभे राहिले.

"तीन दिवस आहेत. तिच्या डोक्यात काहीही नाही, हे मी सिद्ध करणार."

"नीट सांगा."

"म्हणजे काही झालेलं नाही. असायला सगळं आहे. लाल पेन्सिल कुठाय?"

गुरुवारची दुपार पहिल्या सिद्धांतात गेली. यांनी झेरॉक्सवाल्याकडून सातही निरोप छापून आणले, जेवणाच्या टेबलावर मांडले आणि प्रत्येकातला सातवा शब्द अधोरेखित केला. मग ते सात शब्द सलग वाचले. मग उलटे वाचले. मग चष्मा काढून वाचले.

"काही अर्थ लागतोय?" मी विचारलं.

"अजिबात नाही," हे खुशीत म्हणाले. "म्हणजे सांकेतिक लिपी फार वरच्या दर्जाची आहे. ताईला कोणीतरी डांबून ठेवलंय, आणि ती हिकमतीने निरोप बाहेर काढतेय."

"डांबून ठेवणाऱ्याने फोन तिच्याकडे राहू दिला?"

"हाच त्याचा धूर्तपणा."

मी वन्संना फोन लावला. म्हटलं, कशा आहात. त्या म्हणाल्या, बरी आहे, कपडे भिजवलेत, ठेवते. डांबलेल्या बाईला कपडे भिजवायची मुभा असते का, असं मी यांना विचारलं. हे म्हणाले, तपासात भावना आणू नकोस.

शुक्रवारी सकाळी दुसरा सिद्धांत. ही वाक्यं ताईची नाहीतच. दुधाच्या बातमीत जी घडण आहे ती यांच्या दैनिकातल्या जुन्या गुन्हेवार्ताहराची. 'जीवितहानी', 'किरकोळ नुकसान', 'पंचनामा', हे शब्द याच क्रमाने या शहरात एकच माणूस लिहीत असे. आम्ही त्याच्या घरी गेलो. आता तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होता. यांनी काही न बोलता कागद पुढे केला, आणि डोळे त्याच्या चेहऱ्यावर रोखले.

त्याने वाचलं. भुवया आवळल्या.

"हे मी लिहिलंय असं वाटलं तुला?"

"शैली तुमची आहे."

"'प्राथमिक माहितीनुसार' कुठाय? मी आयुष्यात प्राथमिक माहितीशिवाय वाक्य लिहिलं नाही. शेजाऱ्यांची प्रतिक्रिया कुठाय? दूध किती होतं?" तो खराच दुखावला होता. मग त्याने दुसरा कागद घेतला, गुडघ्यांचा. आणि झारी खाली ठेवून हसायला लागला. बराच वेळ हसला.

"कोणी लिहिलंय?"

"माझ्या बहिणीने. घरच्यांना वाटतंय तिचं डोकं फिरलंय."

"हिचं डोकं अगदी जागेवर आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "तुझं कसं काय?"

उतरताना हे जिन्यात थांबले. चेहऱ्यावर तेज आलेलं. मला ते तेज ओळखू येतं. त्यानंतर आम्हाला पाच मजले चढायला लागतात.

"तो नाही. पण त्याने मला दिशा दिली. बातमी एकाची, जाहिरात दुसऱ्याची, अग्रलेख तिसऱ्याचा. शेरा मारणारा चौथा, तारे देणारा पाचवा. इतक्या तऱ्हांचं गद्य एका माणसाचं असूच शकत नाही. ताईच्या घरात पाच जण आहेत. टोळी आहे."

"दोन खोल्यांत?"

"आळीपाळीने झोपत असतील."

दुपारी तीनला आम्ही वन्संच्या दारात उभे होतो. त्यांनी कडी काढली. निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले, कानामागे पेन्सिल.

"दोघंही? बसा."

बसायला जागा करावी लागली. टेबलावर वर्तमानपत्रं होती आणि त्यांना चौकोनी भोकं पडलेली. शेजारी कात्री. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवईने खूण केली. नंतर त्यांनी सांगितलं की ती खूण 'खंडणीची पत्रं' अशी होती. मला वाटलं, यांना पाणी हवंय, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे ट्रेमध्ये कप मांडलेले होते. सहा.

मी पाणी आणलं आणि काही बोलले नाही. पण हे माझ्या मागून येऊन मोजून गेले होते.

"ताई," हे घसा खाकरून म्हणाले, "तू ठीक आहेस ना? ठीक नसशील तर दोनदा खोक."

वन्संनी टेबलावरची कात्री खणात ठेवली. मग विचारलं, "धाकट्या, मी पाठवलेलं वाचतोस ना? कसं वाटलं तुला?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी ग्लास हातातच धरून राहिले. एकाहत्तर वर्षांची बाई, पण अगदी निकालाच्या दिवशी उभी राहावी तशी.

हे म्हणाले, "तपास चालू आहे."

वन्संनी मान हलवली, कानामागची पेन्सिल काढली आणि एका वहीत काहीतरी टिपून घेतलं. "मला चार वाजता काम आहे," म्हणाल्या. "चहा पुन्हा कधीतरी घेऊ."

खाली आल्यावर हे समोरच्या बाकावर पाळत ठेवायला बसले. चेहऱ्यापुढे वर्तमानपत्र धरून. पाळत ठेवणारे त्याला डोळ्यांपुरतं भोक पाडतात, पण छापील मजकुराला भोक पाडायला यांचं मन धजेना. म्हणून ते कडेवरून बघणार होते. तिसऱ्या पानावर त्यांना एक चूक सापडली. मग पाचव्यावर दोन. त्यांनी मान वर केली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते, आणि ते फार संतापलेले होते. दैनिकावर.

मी तोवर जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे उभी होते. उन्हापासून आडोसा, आणि माणूस बोलका.

"वर तिसऱ्या मजल्यावर पाच जण येतात म्हणे," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतात ना वहिनी. त्यातला एक मीच."

त्याने बाही उलटली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली.

"मावशी आणि आम्ही पाच एका वर्गात आहोत. वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. 'प्रसारमाध्यमं आणि समाजमाध्यमं: गद्यलेखन म्हणून अभ्यास'. नाव केवढं मोठं, आणि खोली एवढीशी. म्हणून बुधवारी-शुक्रवारी उजळणीला मावशींकडे बसतो."

"आणि करता काय?"

"वाचतो. आमच्या बाई म्हणतात, माणूस दिवसभर फोनवर वाचत असतो आणि वर सांगतो, मी काही वाचत नाही. बातमी म्हणा, जाहिरात म्हणा, कोणीतरी कोणाला घातलेली शिवी म्हणा, सगळं गद्यच. प्रत्येकाची ठेवण वेगळी. ती ओळखायची, मग तसं एकेक आपण लिहायचं आणि खऱ्या वाचकाला पाठवायचं. त्याला आधी सांगायचं नाही. तो काय म्हणतो ते जसंच्या तसं वहीत घ्यायचं."

"तुम्ही कोणाला पाठवलं?"

"मी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या खिशात अग्रलेख घालून दिला. कॉलरच्या मळावर."

"मग?"

"त्याने शर्ट आणायचं बंद केलं. बाईंनी चांगले मार्क दिले. म्हणाल्या, आजकाल अग्रलेखाचा इतका परिणाम कुठे होतो."

त्याने वायर काढली, शर्टाची घडी घातली आणि कपाटातून वही घेतली. "चार वाजले. रविवारी तोंडी परीक्षा आहे आमची, अकराला. मावशींचा प्रबंध सगळ्यांत जाड झालाय."

रविवारी अकराला परीक्षा. रविवारी दहाला टेम्पो.

मी बाकाकडे गेले आणि सगळं यांना सांगितलं. हे पाचव्या पानावर होते. "पढवलेला साक्षीदार," म्हणाले. "इस्त्रीवाला आणि अग्रलेख? टोळीनेच त्याला खाली पेरलाय." घरी आल्यावर मी भाऊजींना फोन केला.

"क्लास?" भाऊजी म्हणाले. "एकाहत्तराव्या वर्षी? अग, हेच तर लक्षण आहे."

"पण भाऊजी, ते गुडघे, तो चमचा, सगळं गृहपाठ होता."

"आणि विकतचं हसू?" मागून जाऊबाई. "तो कुठल्या विषयाचा गृहपाठ?"

"ते काही असो," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "ती एकटी आहे हे तर खरं ना? टेम्पो सांगितलाय तो सांगितलाय."

म्हणजे कोडं सुटलं होतं आणि टेम्पो तिथेच उभा होता. शनिवारी सकाळी मी वन्संना फोन केला. वाटलं, निदान त्यांना ठाऊक तरी असावं.

"वन्सं, उद्या दहा वाजता भाऊजी टेम्पो घेऊन येतायत. तुम्हाला न्यायला."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग, "मोठा की छोटा?"

"काय?"

"टेम्पो. विचारून सांग."

मी विचारून सांगितलं. छोटा.

"मग एकाला उभं राहावं लागेल," वन्सं म्हणाल्या, आणि फोन ठेवला. हे बाजूलाच होते. "एकाला उभं राहावं लागेल," ते पुटपुटले आणि लाल पेन्सिल शोधायला गेले.

रविवारी पावणेदहाला टेम्पो इमारतीखाली लागला. भाऊजी, जाऊबाई, दहा रिकामी खोकी आणि आम्ही दोघं वर चढलो. भाऊजी दर मजल्यावर थांबत होते. दमले म्हणून नाही. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं.

आत पाच जण बसलेले, परीक्षेच्या कपड्यांत. इस्त्रीवाला, एक निवृत्त परिचारिका, एक घड्याळजी, बसची कंडक्टर बाई, आणि दातांच्या दवाखान्यात नंबर लावून देणारी बाई. यांनी माझ्या कानात "पाच" म्हटलं. बोटंही दाखवली.

"टोळी सापडली," हे मोठ्याने म्हणाले. "पण खरं सांगायचं तर टोळीसारखी दिसत नाही."

"बसा," वन्सं सगळ्यांना म्हणाल्या. "खोक्यांवर बसा हवं तर. मला तालीम करायचीय. वीस मिनिटं. मग खोकी भरायची का ते बघू."

भाऊजी बसले. वन्सं उभ्या राहून वाचायला लागल्या.

"'विषय: कौटुंबिक समूह, एक गद्यप्रकार. नमुन्यादाखल घेतलेला समूह: आपली माणसं. काळ: तीन आठवडे. एकूण निरोप सहाशे अकरा. दुसऱ्यांकडून आलेले आणि पुढे ढकललेले, पाचशे ऐंशी. स्वतः लिहिलेले, एकतीस. त्यांतले सात माझे. उरलेल्या चोवीसांपैकी अकरा केकबद्दल आहेत.'"

परिचारिकेने मान डोलावल्यासारखं केलं. तिच्या घरच्या समूहातही केकच असावा.

"'या गद्याला लेखक नसतो. माझ्या दोन भावांतला थोरला रोज सहा वाजता सूर्य पाठवतो. त्याखालचं वाक्य कोणाचं, हे त्यालाही माहीत नाही. मला आधी हे लेखन पोकळ वाटे. अभ्यासानंतर मत बदललं. त्याचा मजकूर सूर्यात नसतोच, तो वेळेत असतो. मजकूर एवढाच की, मी उठलोय. दहा तारखेला साडेसहापर्यंत सूर्य आला नाही, तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते.'"

"फोन चार्जिंगला राहिला होता," भाऊजी हळूच म्हणाले.

"मध्ये बोलू नकोस, वेळ लावलीय. 'आता वाचकांचे प्रतिसाद. दूध उतू जाणे: सहा नमस्कार, एक पुष्पगुच्छ, एक अभिनंदन. गुडघे: चार अंगठे. चमचा: कोणी शेवटपर्यंत वाचला नाही. खिडकी: एक उगवता सूर्य. जिन्यातली पावले: काही नाही. या सर्व लेखनाबद्दल लेखिकेने एका वाचकाला समक्ष विचारलं असता त्याने तपास चालू आहे असं उत्तर दिलं. याला मी संशयाचे गद्य असा स्वतंत्र प्रकार मानते.'"

हे ताठ बसले. "माझ्यावर प्रकार आहे," मला म्हणाले.

"'शेरेबाजी. हा प्रकार लिहिताना हात कचरला. जिच्या फोटोवर लिहिलं ती माझी भावजय आहे, आणि त्या फोटोतलं तिचं हसू खरं होतं. खोट्या हसण्यावर कोणी शेरा मारत नाही, हे मला अभ्यासात दिसलं, म्हणून तोच निवडला. तिची माफी मागते.'"

जाऊबाई खोक्यावर जरा सरकल्या. "ही माफी कुठल्या प्रकारातली?"

"अभ्यासक्रमात नाही ती," वन्सं म्हणाल्या.

जाऊबाईंनी नाक ओढलं आणि पदराऐवजी खोक्याच्या झाकणाने वारा घेतला.

"'आणि शेवटी, हरवल्याची जाहिरात. प्रतिसाद: एक टेम्पो. वाचकाने गद्याला वाहन पाठवून उत्तर दिल्याचं अभ्यासक्रमात दुसरं उदाहरण नाही. परिणामाच्या दृष्टीने हे माझं सर्वांत यशस्वी लेखन मानावं लागेल. तरीही वाचकाने काय वाचलं, हे मला कळलेलं नाही.'"

त्यांनी पान खाली ठेवलं. घड्याळजी म्हणाला, "एकोणीस मिनिटं."

भाऊजी उठले. "ताई, हे सगळं ठीक आहे. चांगलं आहे. पण तू..." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. त्यांनी हाताने जिना दाखवला, दार दाखवलं, गुडघे दाखवले, आणि हात खाली सोडला.

"बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "लिही. एक वाक्य, तुझं स्वतःचं. तीन आठवड्यांत तुझं एकही नाही. माझ्या प्रबंधात तेवढा नमुना कमी आहे."

"आत्ता?"

"साडेदहा झालेत. आत्ताच."

भाऊजी खिडकीशी गेले आणि एका बोटाने लिहायला लागले. लिहिलं, पुसलं. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. कंडक्टर बाईने खिडकीतून डोकं काढून त्याला असं काही सुनावलं की तो पुन्हा वाजवण्याच्या भानगडीत पडला नाही. भाऊजींनी आणखी एकदा पुसलं. जाऊबाई मदतीला गेल्या, तर त्यांनी फोन छातीशी धरला, परीक्षेत पेपर झाकावा तसा.

आणि मग खोलीत चार फोन एकदम वाजले.

'तू घरात पडलीस तर आम्हाला कळणार कसं याची मला रोज भीती वाटते.'

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. समूहावर भाऊजींच्या जावयाने पुष्पगुच्छ पाठवला होता.

वन्संनी ते वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचलं. "'रोज' हा शब्द आधी नव्हता," त्या म्हणाल्या. "नंतर घातलास."

"हो."

"बरं केलंस. त्यानेच वाक्य उभं राहिलंय." त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि एक किल्ली काढून भाऊजींच्या हातावर ठेवली. "ही तुझी. रविवारी ये, मंगळवारी ये, वाटेल तेव्हा दार उघडून आत ये. आधी कळवायची गरज नाही. फक्त टेम्पो आणू नकोस."

भाऊजी त्या किल्लीकडे बघत राहिले. "आतून कडी लावलेली असली तर?"

"दिवसा लावणार नाही," वन्सं म्हणाल्या. त्या बाईने काय देऊ केलं ते त्या खोलीत बहुतेक मला एकटीलाच कळलं.

"आणि मागच्या खोलीचं काय?" भाऊजींनी बायकोकडे पाहिलं.

"शिलाईचं मशीन जातंय तिथे परत," जाऊबाई म्हणाल्या. "अंगठ्याचं नख काळं झालंय माझ्या."

पावणेअकरा. पाच विद्यार्थी आणि वन्सं रिकामी खोकी घेऊन खाली उतरले. टेम्पोत पाचांना खोक्यांवर बसता आलं, इस्त्रीवाला उभा राहिला, शर्टाची घडी मोडू नये म्हणून. वन्संना भाऊजींनी कोपराला धरून वर चढवलं. गुडघे खरंच वाजले. टेम्पोवाला म्हणाला, मला घरसामान सांगितलं होतं. कंडक्टर बाई म्हणाली, चल, पुढच्या चौकात उजवीकडे.

टेम्पो गेल्यावर भाऊजी जिना चढून परत वर गेले आणि वन्संच्या दाराला कुलूप लावून आले. नुसतं लावलं नाही. लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

परत जाताना हे त्यांच्याकडून किल्ली मागून घेऊन चालत होते. उजेडात धरली, भिंग काढलं, बोट फिरवलं.

"किल्ली नवी आहे," हे म्हणाले. "दाते अजून टोचतायत. काल करून घेतलेली. म्हणजे थोरला काय लिहिणार हे ताईला आधीच माहीत होतं. तिने त्याला फक्त लिहायला लावलं."

मी चालता चालता थांबले.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

हे इतके दचकले की किल्ली हातातून पडली. ती उचलून त्यांनी भाऊजींना परत दिली, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दारापाशी आल्यावर मात्र न राहवून म्हणाले, "नक्की? पुन्हा एकदा तपासून बघतेस का?"